कार्निवालच्या दिवसांत पणजीचा मुक्काम: खोली कोठे घ्यावी?

नाताळचा गोठा उतरला आणि तीन राजांचा सण पार पडला, की आमच्या संपादकीय कार्यालयातील दूरध्वनीवर दरवर्षी एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. "फादर, यंदा कार्निवालला गोव्याला जायचे म्हणतो. पणजीत एखादे चांगले हॉटेल सुचवाल का?" विचारणाऱ्यांमध्ये नवविवाहित जोडपी असतात, निवृत्त शिक्षक असतात, आखाती देशांतून सुटीवर आलेली मंडळीही असतात. धर्मगुरूला हॉटेलचा पत्ता विचारावा याचे आम्हांला प्रथम नवल वाटे. परंतु सेमिनरीतील सहाध्यायांमुळे गोव्याला आमचे जाणे-येणे वर्षानुवर्षे घडत आले आहे आणि हे वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा प्रत्येकाला दूरध्वनीवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, असे ठरविले.

आरंभी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयातील सात जणांचे एक कुटुंब कार्निवालसाठी पणजीला गेले. सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी होत्या. त्यांचे गुडघे दुखरे होते. मिरवणूक दारातूनच दिसेल या आशेने मुलाने मांडवीच्या काठावरील रस्त्याला लागून असलेल्या एका हॉटेलात चार रात्रींसाठी खोल्या घेतल्या. नेहमीच्या जवळजवळ दुप्पट दर आगाऊ भरला. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास ही मंडळी शहरात पोहोचली, तेव्हा पोलिसांनी रस्ता बंद केलेला होता. टॅक्सी एक किलोमीटरहून अधिक अंतरावर थांबली. आजींना त्या गर्दीतून, पिशव्या सांभाळणाऱ्या नातवंडांच्या खांद्यावर हात ठेवून, चालत जावे लागले. रस्ता बंद असतो, हे हॉटेलच्या माणसाने खोली देताना सांगितले नव्हते आणि यांनीही विचारले नव्हते. रात्री उशिरापर्यंत ध्वनिक्षेपक वाजत राहिले. रविवारी सकाळी पाहतात तो रस्ता रिकामा! मिरवणूक मडगावला निघून गेली होती. उरलेल्या तीन रात्रींचे पैसे परत मिळणार नव्हते. आजी परत आल्यावर आम्हांला म्हणाल्या, "फादर, कार्निवाल पाहिला, पण माणसांच्या पाठीच पाहिल्या."

या कुटुंबाची जी चूक झाली, ती बहुतेकांची होते. हॉटेल निवडताना आपण खोलीची छायाचित्रे पाहतो, न्याहारी मिळते का ते पाहतो, दर पाहतो. एरवी तेवढे पुरते. परंतु शहराचा मुख्य रस्ता ज्या दिवशी सणाच्या ताब्यात असतो, त्या दिवशी खोलीपेक्षा खोलीकडे जाणारी वाट अधिक महत्त्वाची असते. कोणता रस्ता कधी बंद होणार आणि आपले हॉटेल त्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, या दोन गोष्टी कळल्याशिवाय पैसे भरू नयेत.

त्यासाठी कार्निवालचे वेळापत्रक समजून घेणे आवश्यक आहे. राखेच्या बुधवारी प्रायश्चित्तकाळ सुरू होतो आणि त्याआधीचे चार दिवस, शनिवार ते मंगळवार, हा कार्निवालचा अवधी. उपवासाला आरंभ होण्यापूर्वी मांसाहाराला निरोप देण्याच्या मध्ययुगीन युरोपीय प्रथेतून हे नाव आले. गोव्याच्या खेड्यांत याला 'इंत्रुज' म्हणतात. पोर्तुगीजांच्या 'एंत्रुदु' या शब्दाचे ते कोकणी रूप आहे. आज आपण पाहतो ती चित्ररथांची मिरवणूक आणि तिच्या अग्रभागी असलेला 'किंग मोमो' ही गोवा मुक्तीनंतरची, १९६५ सालापासूनची घडण आहे. खा, प्या, मजा करा, असे फर्मान हा राजा काढतो आणि चार दिवस नावापुरते राज्य करतो. हा चर्चचा सण नव्हे. काळाच्या गणनेपुरता त्याचा आपल्या पंचांगाशी संबंध आहे. असो.

पास्काचा सण दरवर्षी पुढेमागे होतो, म्हणून कार्निवालही सरकतो. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला येतो, म्हणजे पणजीची मिरवणूक शनिवार, ६ फेब्रुवारीची. २०२८ साली तोच बुधवार १ मार्चला आहे आणि कार्निवालचा शनिवार २६ फेब्रुवारीला. गेल्या वर्षीची तारीख धरून खोली ठरविणारे लोकही आम्हांला भेटले आहेत!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रघात असा, की मोठी मिरवणूक शनिवारी पणजीत, रविवारी मडगावला, सोमवारी वास्कोत आणि मंगळवारी म्हापशाला निघते. पणजीत मिरवणूक एकच संध्याकाळ असते. त्यानंतर शहरात नगरपालिका उद्यानाच्या परिसरात संध्याकाळचे संगीताचे कार्यक्रम होतात आणि मंगळवारी क्लब नासियोनालच्या लाल-काळ्या नृत्याने समारोप करण्याची परंपरा आहे. परंतु ज्यांना केवळ चित्ररथ पाहावयाचे आहेत, त्यांनी ऐन शहरात चार रात्रींचा मुक्काम करण्याचे काहीच प्रयोजन नाही. शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री पुरेशा होतात. पुढचे दिवस अन्यत्र, कमी दरात आणि शांततेत काढता येतात. शनिवारची एकच रात्र घेतली तर मात्र नेमके रस्ते बंद असतानाच शहरात शिरावे लागते, म्हणून शुक्रवारची रात्र वाचविण्याच्या मोहात पडू नये. काही हॉटेले या दिवसांत किमान तीन रात्रींची अट घालतात. त्यांच्याशी घासाघीस करण्यापेक्षा दुसरे हॉटेल पाहिलेले बरे.

पणजी हे तसे लहान शहर. उत्तरेला मांडवी, पूर्वेला ओरेमची खाडी, मध्ये आल्तिन्योची टेकडी आणि पश्चिमेला कांपाल, मिरामार, दोना पावला असा समुद्राकडे जाणारा पट्टा. मिरवणूक अनेक वर्षे जुन्या सचिवालयाच्या बाजूने, मांडवीच्या काठच्या दयानंद बांदोडकर मार्गावरून कांपालकडे जात आली आहे. परंतु वाहतुकीच्या कोंडीमुळे काही वर्षे ती मिरामार ते दोना पावला या रस्त्यावर हलविण्यात आली होती. यास्तव जुन्या अनुभवावर विसंबून राहू नये. पणजी महानगरपालिका आणि पर्यटन खाते यांच्याकडून त्या वर्षीचा मार्ग जाहीर होतो आणि वाहतूक पोलीस कोणते रस्ते किती वाजता बंद होतील हे आदल्या काही दिवसांत प्रसिद्ध करतात. आपल्याला खोली त्यापूर्वीच घ्यावी लागते हे खरे. म्हणूनच दोन्ही मार्गांपैकी कोणताही ठरला तरी जी खोली अडकणार नाही, ती पाहावी. या निकषावर शहराचे भाग तपासू.

नदीकाठच्या रस्त्यावरील हॉटेले सर्वांत आकर्षक दिसतात. गॅलरीतून मिरवणूक दिसण्याची शक्यता, पुढे मांडवीचे पात्र. चालत फिरणाऱ्या तरुण मंडळींनी ती घेण्यास हरकत नाही. मात्र दोन गोष्टी आधीच विचाराव्यात. खोली खरोखर रस्त्याकडे उघडते का, की मागच्या बोळाकडे? आणि त्या संध्याकाळी गच्ची व गॅलरी बाहेरच्या लोकांना पैसे घेऊन दिली जाते का? शिवाय मांडवीत उभ्या असणाऱ्या कॅसिनो जहाजांवर जाणाऱ्यांची वर्दळ याच रस्त्यावर रात्रभर चालते. कार्निवाल नसतानाही शनिवारी तेथे गाड्यांचा कोलाहल असतो. लहान मुले वा वृद्ध सोबत असतील तर हा रस्ता आम्ही सुचवीत नाही.

अठरा जून मार्ग, महात्मा गांधी मार्ग आणि चर्चचा चौक हा शहराचा मध्यभाग. येथे मध्यम दराची, साधी, कुटुंबांना परवडणारी हॉटेले आहेत. निष्कलंक मातेचे चर्च चालण्याच्या अंतरावर असल्यामुळे रविवारच्या मिस्साची सोय होते. अर्थात त्या चर्चच्या प्रसिद्ध पांढऱ्या पायऱ्या छायाचित्रात जितक्या सुंदर दिसतात, तितक्याच गुडघ्यांना जड जातात, हे ध्यानात असू द्यावे. या भागातील गैरसोय म्हणजे संगीत. नियमाप्रमाणे उघड्यावरील ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद व्हावयास हवेत. परंतु सणासुदीच्या काही दिवसांसाठी, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, राज्य शासनाला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. तेव्हा खोली उद्यानाच्या बाजूची नको, मागची द्या, असे स्पष्ट सांगावे. एरवी आपण नेमके उलट मागतो!

फोंताइन्यश आणि सांव तोमे हा जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांचा भाग. पिवळ्या-निळ्या भिंती, कौलारू छपरे, अरुंद गल्ल्या आणि संत सेबास्तियनचे लहानसे कपेल. तेथील काही जुन्या घरांची अतिथिगृहे झाली आहेत आणि त्यांतील मुक्काम मोठा आनंददायक असतो. नदीकाठ येथून पायी पंधरा मिनिटांत गाठता येतो आणि गाडीने बाहेर पडण्यास खाडीकाठचा ओरेम मार्ग आहे. पण या घरांचे जिने लाकडी आणि उभे असतात, लिफ्ट क्वचितच असते आणि गाडी दारापर्यंत जाईलच असे नाही. तळमजल्यावर खोली आहे का, हा येथे विचारावयाचा पहिला प्रश्न. आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. फोंताइन्यश ही राहती वस्ती आहे. दारात, ओसरीवर, पायऱ्यांवर उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांमुळे तेथील रहिवासी त्रस्त झाले आहेत आणि अनेकांनी तशा पाट्याही लावल्या आहेत. आपल्या गावात नाताळचे गोठे पाहावयास आलेली गर्दी थेट पडवीत शिरली तर आपणांस काय वाटेल, तेच त्यांना वाटते.

कुटुंबांना आमची पहिली पसंती ओरेम खाडीच्या पलीकडील पाट्टो भागाला आहे. कदंब परिवहनचे बसस्थानक येथेच आहे. कार्यालयांच्या कामासाठी येणाऱ्यांकरिता बांधलेली, लिफ्ट असलेली, फारशी देखणी नसलेली हॉटेले येथे आढळतात. पुलावरून शहरात पायी जाता येते. जुने गोवे, मडगाव वा म्हापसा यांपैकी कोठेही जाण्यासाठी शहराचा मध्यभाग ओलांडावा लागत नाही. आणि रात्री-अपरात्री कोणाची प्रकृती बिघडली, तर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय येथून गाडीने महामार्गाने गाठता येते. मिरवणुकीच्या वेळी नदीकाठच्या हॉटेलातून रुग्णाला बाहेर काढणे किती कठीण, याची कल्पना गर्दी पाहिलेल्यांना येईल. हृदयविकार, मधुमेह, दमा असलेले ज्येष्ठ सोबत असतील, तर ही एकच गोष्ट आम्हांला बाकी सर्व सोयींपेक्षा मोठी वाटते.

मिरामार, करंझाळे, दोना पावला या समुद्राकडील भागांत मोकळी हवा आहे आणि गोवा पर्यटन विकास महामंडळाची मिरामार येथील निवासव्यवस्थाही आहे. पण मिरवणूक त्या रस्त्याने गेली तर हा भाग कोंडला जातो आणि नदीकाठाने गेली तर परतताना टॅक्सी मिळणे मुश्किल होते. ताळगावच्या बाजूने आतल्या रस्त्याने बाहेर पडता येते का, हे हॉटेलवाल्यास विचारून घ्यावे.

पैशांची ओढ असेल तर मांडवीच्या पलीकडे पाहावे. पुलापलीकडील पर्वरी हा वाढता भाग आहे. मात्र मिरवणुकीच्या संध्याकाळी पुलांवर गाड्यांच्या रांगा लागतात. त्याहून नामी उपाय म्हणजे बेती. पणजी आणि बेती यांमध्ये फेरीबोट चालते आणि ती काही मिनिटांत नदीकाठच्या रस्त्यावरच आणून सोडते. गाडी बेतीला ठेवावी, पायी फेरीत चढावे, मिरवणूक पाहावी, फेरीनेच परतावे. शेवटच्या फेरीची वेळ मात्र धक्क्यावर आधी विचारून ठेवावी. बेतीच्या जवळच रेइश मागुश येथे तीन राजांना वाहिलेले जुने चर्च आहे. रविवारी तेथे जाऊन आलेल्यांना पश्चात्ताप झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आता दराविषयी. या आठवड्यात दर वाढतात, हे गृहीत धरावे. किती वाढविला हे कळण्यासाठी त्याच खोलीचा दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारचा दर पाहावा. तो खरा दर. त्यावर करही असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के आणि त्याहून महाग खोलीवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागतो. याचा परिणाम सणात विचित्र होतो. ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते. तीच ७,६०० रुपयांना दिली, तर ८,९६८ रुपये होतात. दरात शंभराचा फरक, पण खिशातून हजारावर अधिक जातात! दर या सीमेच्या आसपास असेल तर मालकाशी मोकळेपणे बोलावे. सीमेच्या आत येण्यात त्याचेही गिऱ्हाईक टिकते.

पैसे पाठविण्यापूर्वी संकेतस्थळावर न थांबता हॉटेलला दूरध्वनी करावा, असा आमचा आग्रह आहे. गोव्यात १९८२ च्या कायद्यानुसार हॉटेल, अतिथिगृह आणि पर्यटकांना भाड्याने दिले जाणारे घर यांची पर्यटन खात्याकडे नोंदणी आवश्यक आहे. तो क्रमांक विचारावा. जो सांगण्यास टाळाटाळ करील, त्यास सोडून द्यावे. सणांच्या तोंडावर हॉटेलच्या नावाने बनावट संकेतस्थळे आणि खोटे दूरध्वनी क्रमांक पसरविणाऱ्यांचे फावते. रक्कम हॉटेलऐवजी एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागितली, घाई केली, तर थांबावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण लवकर कळविल्यास पैसे रोखले जाण्याची शक्यता असते. याच संभाषणात पुढील गोष्टीही विचारून घ्याव्यात. शनिवारी दुपारी गाडी दारापर्यंत येईल का? न आल्यास सामान आणण्यास माणूस पाठवाल का? गाडी ठेवण्याची जागा हॉटेलची की रस्त्यावरची? बेत रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल आणि कोणत्या तारखेपर्यंत? मिळालेली उत्तरे ई-मेलने वा संदेशाने लेखी मागवावीत. वर सांगितलेल्या कुटुंबाच्या हाती असा एकही कागद नव्हता.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांतून परदेशी पारपत्र असलेले नातलग सुटीवर येतात. त्यांची नोंद हॉटेलला शासनाकडे करावी लागते. काही लहान अतिथिगृहे ही जबाबदारी टाळतात आणि ऐन वेळी दारातून परत पाठवितात. खोली ठरवितानाच याची कल्पना द्यावी.

राहिला प्रवास. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. पूर्वीचे एकशे वीस दिवस आता नाहीत. २०२७ च्या कार्निवालसाठी शुक्रवार, ५ फेब्रुवारीच्या गाडीचे आरक्षण ७ डिसेंबरला, म्हणजे निष्कलंक मातेच्या सणाच्या आदल्या दिवशी उघडेल. पणजीला सर्वांत जवळचे स्थानक करमळी, पण तेथे सर्व गाड्या थांबत नाहीत. बहुतेकांना थिवी किंवा मडगावला उतरावे लागते. मडगावहून पणजी सुमारे तेहतीस किलोमीटर. शनिवारी उतरणार असाल तर गाडी सकाळची हवी. दुपारी तीननंतर शहरात शिरण्याचा बेत करू नये. विमानाने येणाऱ्यांनी तिकीट दाबोळीचे आहे की मोपाचे, हे नीट पाहावे. दोन्ही विमानतळ परस्परांपासून बरेच दूर आहेत आणि चुकीच्या विमानतळावर ठरविलेली टॅक्सी हा एक वेगळाच कार्निवाल होऊन बसतो.

परतीचे तिकीट शक्यतो मंगळवारी दुपारचे काढावे, किंवा मग बुधवारी सायंकाळचे. मंगळवारी रात्री म्हापशाच्या मिरवणुकीमुळे थिवीकडे जाणाऱ्या वाटेवर खोळंबा होतो आणि गाडी चुकते. बुधवारपर्यंत थांबणाऱ्यांना त्या सकाळी राखेच्या विधीसह मिस्सा पणजीतही मिळते. वेळ चर्चच्या फलकावर लावलेली असते. हॉटेलच्या स्वागतकक्षातील माणसाला ती बहुधा ठाऊक नसते.